जन्मजात व्यंग आणि धन्याची शुश्रूषा

गेल्या पंधरवड्यांत आमच्या परिचयाचे एक सधन बागाईतदार आमच्या ओट्यावर बसले असतां त्यांनीं आम्हांस असा प्रश्न केला कीं, "भाऊसाहेब, गांवांत कुत्र्याचीं पिलें पैशाला पासरी पडलीं असतां एका गांवठी पिलाच्या पोटावर शस्त्रक्रिया करविणें व त्यासाठीं पंधरा दिवस घरांतील माणूस गुंतवून ठेवणें, हा कोठला हिशेब ?" प्रश्नांत उपहास होता; तथापि तो अगदींच अनाठायीं नव्हता. ज्याचें पोट जमिनीवर आहे त्यानें प्रत्येक खर्चास हिशेब विचारलाच पाहिजे, आणि आमची तर सारी हयात महसूल खात्याच्या दप्तरांत रकाने भरण्यांत गेली. म्हणून तोंडी उत्तर न देतां तें लेखी द्यावें व आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हीं ठरविलें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. जनावरास जन्मतः आलेलें व्यंग हा दैवाचा कोप नव्हे, व तें डोळ्याआड करण्यासारखेंहि नव्हे. तें वेळींच ओळखिलें, जाणत्याच्या हातून दुरुस्त करविलें, आणि पुढें धन्यानें नीट शुश्रूषा केली, तर जीव वांचतो. यांपैकीं शस्त्र चालविणें हें घटकेचें काम असून शुश्रूषा हें पंधरवड्याचें काम आहे. आणि आपण शेतकरी चुकतों तें बहुधा या दुसऱ्या कामांत.

हकीकत अशी. सेवानिवृत्तीनंतर आम्ही वडिलोपार्जित जमिनीवर राहावयास आलों. रानडुकरांपासून भुईमुगाची राखण व्हावी म्हणून शेजारच्या वस्तीवरील एका धनगराकडून दीड महिन्याचें पिलूं आणिलें. नातवंडांनीं त्याचें नांव मोत्या ठेविलें. पिलूं अंगानें धष्टपुष्ट, दूधभाकरीस हांवरें व खेळकर होतें. परंतु उताणें लोळूं लागलें म्हणजे बेंबीच्या जागीं सुपारीएवढा मऊ फुगवटा दिसे. बोटानें दाबला असतां तो आंत जाई, आणि पिलूं भुंकलें अथवा कुंथलें कीं पुनः बाहेर येई. त्यास वेदना मुळींच नव्हती. आणि वेदना नाहीं म्हणून आम्हींहि तें कोणा जाणत्यास दाखविलें नाहीं. ही आमची पहिली चूक होय.

गांवांत सल्ल्यास तोटा नसतो. एकानें बेंबीवर तांब्याचा पैसा बांधावयास सांगितलें. दुसऱ्यानें तापलेल्या विळ्यानें डाग देण्याचें सुचविलें. एका वृद्ध बाईनें पिलाची आई ग्रहणांत बाहेर फिरली असली पाहिजे असा निकाल दिला. आणि एका गृहस्थानें तें गळूं ठरवून वस्तऱ्यानें फोडून देण्याची तयारी दाखविली. पैसा बांधणें निरुपयोगी, डाग देणें क्रूरपणाचें. परंतु वस्तरा लावणें म्हणजे काय झालें असतें, तें आम्हांस पुढें समजलें व अंगावर कांटा उभा राहिला.

मोत्या साडेतीन महिन्यांचा झाला तेव्हां फुगवटा लिंबाएवढा झाला होता. त्या वेळीं आम्ही त्यास तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं त्यास उताणें निजविलें, फुगवटा आंत सारिला, आणि आमचें बोट त्या जागीं ठेवविलें. कातडीखालीं पोटाच्या भिंतीस आंगठीसारखी कड असलेलें एक वाटोळें भोंक आमच्या बोटास स्पष्ट लागलें. गर्भांत असतांना पिलाचें पोषण नाळेवाटे होतें. नाळेच्या रक्तवाहिन्या पोटाच्या भिंतींतील ज्या दारानें आंत जातात तें दार जन्मानंतर आपोआप मिटावयाचें असतें. तें न मिटल्यास पोटांतील चरबीचा पडदा, आणि दार रुंद असल्यास आंतड्याचें वेटोळें, त्यांतून बाहेर डोकावूं लागतें. यासच डॉक्टर हर्निया म्हणतात व आपले जुने लोक अंतर्गळ म्हणत. हें गळूं नव्हे. यांत पू नसतो. कातडीच्या आड प्रत्यक्ष आंतडें असूं शकतें, आणि वस्तरा तेथेंच लागावयाचा होता.

प्रत्येक अंतर्गळास शस्त्र लागतेंच असें नाहीं. भोंक बारीक असून त्यांतून केवळ चरबी येत असेल तर पांचसहा महिन्यांच्या वयापर्यंत तें पुष्कळदां मिटतें, अथवा तसेंच राहूनहि त्रास देत नाहीं. परंतु बोट आंत जाण्याइतकें तें रुंद असेल, तर शिवून घेणेंच शहाणपणाचें. कारण एखादे वेळीं आंतड्याचें वेटोळें बाहेर येऊन अडकतें, त्याचा रक्तपुरवठा तुटतो व तें आंतल्या आंत सडूं लागतें. फुगवटा एकाएकीं टणक, गरम व दुखरा होणें, तो आंत न सरणें, जनावरानें ओकणें व खाणें सोडणें, हीं त्याचीं लक्षणें होत. अशा वेळीं "परवां बाजारास जावयाचेंच आहे, तेव्हां दाखवूं" असें म्हणून चालत नाहीं. त्याच घटकेस निघालें पाहिजे.

आमच्या मोत्याचें भोंक रुंद होतें. शस्त्रक्रियेपूर्वीं त्यास किती तास उपाशीं ठेवावयाचें, तें डॉक्टरांनीं आंकडा सांगून बजाविलें. भूल देतेवेळीं पोट भरलेलें असल्यास ओकारी श्वासनळींत जाण्याचें भय असतें. उलट कोवळें पिलूं फार वेळ उपाशीं राहिल्यास त्याच्या रक्तांतील साखर उतरते. म्हणून उपास जितका कडक तितका चांगला, हा एकादशीचा न्याय येथें लागू नाहीं. शस्त्रक्रियेस पाऊण तास लागला. बाहेर आलेला भाग आंत सारून, भोंकाच्या कडा जुळवून, आंतून विरघळणाऱ्या दोऱ्याचे व वर कातडीस वेगळे टांके घातले.

त्याच भुलींत पिलाचें खच्चीकरणहि करून घ्यावें, असें डॉक्टरांनीं सुचविलें. कारण हें व्यंग पुष्कळ अंशीं रक्तांतून उतरणारें आहे, व ज्यास तें आहे त्याची वीण वाढविणें म्हणजे व्यंगाची वीण वाढविणें होय. आम्ही प्रथम कचरलों. खच्ची कुत्रा राखण करीत नाहीं, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु राखण ही कुत्र्याच्या जातिस्वभावाची व वळणाची गोष्ट आहे. आणि बैल खच्ची केल्यावरच औताच्या कामास बरा लागतो, हें ज्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्यानें कुत्र्याविषयीं ही शंका घेणें विचित्र दिसतें. आम्हीं संमति दिली.

येथपर्यंतचें श्रेय डॉक्टरांचें. येथून पुढचें काम आमचें होतें.

भुलींतून उतरणारें पिलूं थंडीनें कांपतें, अडखळतें, उगाच केंकाटतें. आम्हीं त्यास पडवींत वाऱ्याच्या आडोशास जुन्या घोंगडीवर निजविलें, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी वा दूध तोंडांत घातलें नाहीं. पहिली रात्र आमच्या कुटुंबानें त्याच्याजवळ बसून काढिली. पहांटे त्यानें मान उचलून तिचा हात चाटला, तेव्हां भाताची पातळ पेज थोडी थोडी दिली. दुसऱ्या दिवसापासून एकदम पोटभर न देतां दिवसांतून चार वेळां थोडें थोडें अन्न ठेविलें, म्हणजे पोटावर ताण पडूं नये.

गळ्याभोंवतीं प्लास्टिकचें नरसाळें बांधून दिलें होतें. तें घेऊन मोत्या खांबास, दारास व पाण्याच्या भांड्यास धडके, आणि नातवंडें तें काढून टाका म्हणून रडत. परंतु कुत्र्याच्या जिभेनें जखम बरी होते, हा समज खोटा आहे. सतत चाटण्यानें जखम ओली राहते, तोंडांतील जंतु तींत शिरतात व ती चिघळते. आणि दांतांनीं टांके एका रात्रींत उसवतात. म्हणून नरसाळें जेवणापुरतें काढावयाचें, जेवण होईपर्यंत समोर बसावयाचें व पुनः बांधावयाचें, असा आम्हीं नेम ठेविला.

जखमेवर हळद, चुना, राख अथवा तेल यांपैकीं कांहींएक लाविलें नाहीं. ती कोरडी व स्वच्छ ठेविली, आणि टांके निघेपर्यंत आंघोळ घातली नाहीं. दुखण्यावर माणसांची गोळी द्यावी, असें एका तरुणानें सुचविलें होतें. वाचकांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें कीं, माणसांस चालणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकीं कांहीं कुत्र्यास विषासमान आहेत. आयबुप्रोफेननें त्याच्या जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. पॅरासिटामॉलहि स्वतःच्या अकलेनें देऊं नये. मांजरास तर तें प्राणघातकच आहे. डॉक्टरांनीं जें लिहून दिलें तेंच, तेवढेंच व तितकेच दिवस द्यावें.

जुन्या सवयीप्रमाणें आम्हीं एक वही घातली, व दररोज दोन वेळां पाहणी करून तींत नोंद केली : काय खाल्लें, शौच झालें काय, ओकारी आली काय, जखमेची कड कशी, लाली, सूज, घाण अथवा वास आहे काय, आणि अंगाची ऊब किती. निरोगी कुत्र्याची ऊब माणसाहून अधिक, म्हणजे सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहीट असते. म्हणून हात लावून गरम लागलें एवढ्यावरून ताप ठरवूं नये, मापक लावावें.

आतां आमची दुसरी चूक सांगतों. सहाव्या दिवशीं जखमेची कड कोरडी दिसत होती, सूज ओसरली होती व भूक पूर्ववत् झाली होती. आम्हीं मनांतल्या मनांत शेरा मारिला कीं, प्रकरण निकालीं निघालें. फळ्यांच्या आडोशांतून त्याचें केविलवाणें ओरडणें ऐकवेना, म्हणून दोरी सोडून त्यास ओट्यावर घेतलें. इतक्यांत समोरून मांजर गेलें, आणि मोत्यानें ओट्यावरून उडी टाकिली. संध्याकाळीं पाहतों तों टांक्यांखालीं पुनः तोच लिंबाएवढा फुगवटा ! आमच्या पायांखालची जमीन सरकली. डॉक्टरांस दूरध्वनि केला. फुगवटा मऊ आहे, पिलूं ओकत नाहीं व खातें, हें ऐकून त्यांनीं सकाळीं बोलाविलें, आणि रात्रींतून यांपैकीं कांहीं बदललें तर ताबडतोब निघण्यास सांगितलें. त्या रात्रीं आम्हीं दर तासास कंदील घेऊन पाहिलें. सकाळीं तपासणींत आंतले टांके शाबूत निघाले. उडीच्या हिसड्यानें कातडीखालीं पाणी सांचलें होतें व तें पुढें आपोआप जिरलें. डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारिलें, "भाऊसाहेब, ताज्या मातीच्या बांधावर आपण पाणी तुंबवून पाहतां काय ?"

या प्रश्नांत सारें शास्त्र आलें. कातडी वरून मिटली म्हणजे जखम भरली असें नव्हे. अशा जखमेस तीन आठवड्यांनीं मूळच्या बळाचा जेमतेम पांचवा हिस्सा आलेला असतो. पुढचें बळ महिनोगणती येत राहतें. पिलूं खेळूं लागलें म्हणजे तें बरें झालें असें आपणांस वाटतें. पण पिलास आपल्या पोटांतील टांक्यांची खबर नसते. ती खबर ठेवणें हें धन्याचें काम, आणि जनावर टवटवीत दिसूं लागतें तोच काळ धन्यानें अधिक जपण्याचा. बाराव्या दिवशीं वरचे टांके निघाले. त्यानंतरहि महिनाभर मोत्यास आम्हीं दोरीवरच फिरविलें.

आतां कोणी म्हणेल कीं, हें कुत्र्याचें पुराण शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला ? तर हेंच व्यंग आपल्या गोठ्यांतहि आहे. वासरांमध्यें बेंबीचा अंतर्गळ हें जन्मजात व्यंगांपैकीं नेहमीं आढळणारें व्यंग असून होल्स्टीन फ्रीजियन जातींत व तिच्या संकरांत तें विशेष दिसतें. आमच्याच शिवारांत अशा एका संकरित कालवडीचा फुगवटा गळूं समजून फोडण्यांत आला, आणि आंतडें बाहेर पडून ती दुसऱ्या दिवशीं मेली. फोडणाऱ्याचा हेतु वाईट नव्हता. त्यास भोंक चांचपून पाहणें ठाऊक नव्हतें, एवढेंच. वासराच्या बेंबीस खरोखरीचें गळूंहि होतें. तें गरम व दुखरें असतें व दाबल्यानें आंत जात नाहीं. परंतु अडकलेला अंतर्गळहि तसाच लागतो, आणि कधीं दोन्ही एकत्र असतात. म्हणून नियम एकच : बेंबीवरील कोणत्याहि फुगवट्यास पशुवैद्याखेरीज कोणीं शस्त्र वा सुई लावूं नये. तसेंच वासरूं जन्मतांच नाळ टिंक्चर आयोडिनांत बुडवावी व जागा कोरडी ठेवावी. नाळ पिकली म्हणजेहि हें दार मिटण्यास अडथळा होतो.

आम्ही असेंहि सुचवितों कीं, पिलूं, वासरूं वा करडूं जन्मलें म्हणजे पहिल्याच दिवशीं त्याची पाहणी करावी. तोंड उघडून टाळू फाटलेली नाहीं ना, तें पाहावें; फाटलेली असल्यास पितांना दूध नाकावाटे येतें. बेंबी चांचपावी. शेपटी उचलून गुदद्वार उघडें आहे कीं नाहीं, तें पाहावें; तें बंद असलेलें वासरूं शस्त्रक्रियेवांचून थोड्याच दिवसांत मरतें, व आपण "पोट फुगून मेलें" असें म्हणून मोकळे होतों. या पाहणीस पांच मिनिटेंहि लागत नाहींत.

आतां आमच्या बागाईतदार मित्रांच्या हिशेबाकडे वळूं. गाडीभाडें, औषधें व दवाखान्याचें शुल्क मिळून आमचा जो खर्च झाला तो एका रात्रींत रानडुकरांनीं उकरलेल्या भुईमुगाच्या किंमतीहून अधिक नव्हता. आज मोत्या आठ महिन्यांचा असून रात्रीं बांधावर त्याचा आवाज उठला कीं आम्ही निर्धास्त झोंपतों. तथापि आमची सारी भिस्त या जमाखर्चावर नाहीं. जें जनावर आपण दावणीस वा दारास बांधलें, त्याचें पळून जाण्याचें व स्वतः उपाय शोधण्याचें स्वातंत्र्य आपण काढून घेतलें. त्याचा मोबदला म्हणून त्याच्या दुखण्याची जबाबदारी आपल्या नांवें खर्चीं पडते. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचें कलम ३ हेंच सांगतें : ज्याच्या ताब्यांत जनावर आहे त्यानें त्याच्या कल्याणाचे सर्व वाजवी उपाय करणें हें त्याचें कर्तव्य होय. कायद्यानें "वाजवी" म्हटलें आहे, आणि आम्हीहि तेवढेंच म्हणतों. ज्या पिलास एकाहून अधिक भारी व्यंगें आहेत, ज्याचें जगणें केवळ यातना होणार, त्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें व त्यांच्याच हातून वेदनेवांचून मरण देणें हीहि दयाच आहे. परंतु तो निर्णय तपासणीनंतर व्हावा. आळसानें होऊं नये.

दवाखाना दूर असतो, डॉक्टर फिरतीवर असतात, हें आम्हांस मान्य आहे. तरी मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें तें १८८६ सालीं, आणि नागपुरास पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झालें तें २००० सालीं. इतक्या वर्षांत शिकून निघालेले पशुवैद्य जिल्ह्याजिल्ह्यांत असतांना जनावराच्या पोटास पहिला हात वस्तऱ्याचा लागावा, हा दोष विद्येच्या अभावाचा नाहीं.

शेवटीं एक सूचना करून हा लेख पुरा करितों. आपल्या सोसायटीनें गांवोगांव जन्मजात व्यंगांची एक नोंदवही ठेवावी. वासराच्या आईच्या कानांतील बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, कृत्रिम रेतनाच्या कांडीवरील वळूचा क्रमांक, व्यंग कोणतें व तें कोणत्या दिवशीं दिसलें, एवढे चार रकाने पुरे. एकाच वळूच्या वासरांत तेंच व्यंग वारंवार दिसूं लागल्यास त्याचें रेत बंद करण्याविषयीं संबंधित खात्यास लिहितां येईल. नोंदीवांचून केलेल्या तक्रारीस दप्तरांत किंमत नसते, हें आम्ही अनुभवानें सांगतों. प्रत्येकाचें नुकसान ज्याच्या त्याच्या गोठ्यांत गाडलें जातें, म्हणून तें कोणासच दिसत नाहीं. आमच्या गांवची वही लिहिण्याचें काम आम्ही विनावेतन पत्करतों.

आमचे बागाईतदार मित्र कुत्र्यावरील खर्च अजूनहि चैनच समजतात. परंतु परवां सायंकाळीं ते पुनः आले, मोत्याच्या पोटावरील व्रण त्यांनीं निरखून पाहिला, आणि जातां जातां म्हणाले कीं, घरीं एका कालवडीची बेंबी थोडी फुगलेली दिसते, उद्यां सवड असल्यास आपण दवाखान्यापर्यंत बरोबर याल काय ? आम्ही गेलों. नोंदवहींतील पहिली नोंद त्याच कालवडीची आहे.